इंटरकूलरच्या पाइपचा व्यास: मोठा की पुरेसा?

मूळ मत

टर्बो इंजिनाची ताकद वाढवायला घेतली की इंटरकूलरचे (टर्बोने दाबल्यामुळे तापलेली हवा थंड करणाऱ्या भागाचे) पाइप 3 इंची करून घ्यावेत, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. माझे मत याच्या विरुद्ध आहे. 2 लिटरच्या इंजिनाला अडीच इंची पाइप पुरतो आणि त्यापुढे व्यास वाढवून पदरात फारसे काही पडत नाही.

चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा स्वतःच्या क्षमतेइतकी हवा ओढते. 6000 आरपीएम आणि 90 टक्के भरण (क्षमतेच्या तुलनेत प्रत्यक्ष ओढलेली हवा) धरल्यास इंटरकूलर ते थ्रॉटल बॉडी (इंजिनात शिरणाऱ्या हवेची झडप) या थंड बाजूच्या पाइपमधून मिनिटाला 5400 लिटर हवा जाते. बूस्ट, म्हणजे टर्बोने वातावरणाच्या दाबावर दिलेला जादा दाब, वाढवला तरी हा आकडा जवळपास तोच राहतो, कारण पाइपमधली आणि इंजिनात शिरणारी हवा सारख्याच दाबाखाली असते; वाढते ती घनता, वेग नव्हे. ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळेच ‘बूस्ट जास्त म्हणून पाइप मोठा’ हा समज रुजला आहे, असे मला वाटते.

2 इंची पाइपचा आतला व्यास 47 मिमी धरल्यास वेग सेकंदाला 52 मीटर येतो, अडीच इंचीत (60 मिमी) 32 आणि 3 इंचीत (73 मिमी) साधारण 21 मीटर. ध्वनीच्या वेगाच्या जवळपासही यांतला एकही आकडा जात नाही. दोन मीटर लांबी, चार गोलाईदार काटकोनी बेंड आणि 1 बार (100 किलोपास्कल) बूस्ट धरला, तर दाबातील घट अनुक्रमे सुमारे 6, 2 आणि 1 किलोपास्कल भरते. पहिली पायरी चढताना 4 किलोपास्कल वाचतात, दुसरीत जेमतेम 1.

प्रतिसाद 1 (विरोधी)

आपली आकडेमोड बरोबर आहे, परंतु ती आदर्श पाइपची आहे. बॉनेटखाली जागा नसते, म्हणून अनेकदा दोन तुकडे तिरके कापून, वेल्ड करून काटकोन साधला जातो, आणि अशा कोनाची अडवणूक गोलाईदार बेंडच्या तिप्पट-चौपट असते. चारही बेंड तसे धरल्यास अडीच इंची पाइपमधील घट 5 किलोपास्कलच्या पुढे जाते आणि 3 इंचीमधील अडीचवर थांबते. शिवाय कॉम्प्रेसर (टर्बोचा हवा दाबणारा भाग) ते इंटरकूलर या गरम बाजूला हवा शंभर अंशांच्या वर तापलेली असते, त्यामुळे तेथे वेग आपण धरलेल्यापेक्षा 20 टक्क्यांहून जास्त असतो.

ज्यांना पुढे 2 बार बूस्ट आणि 7500 आरपीएमपर्यंत जायचे आहे, त्यांच्याकडे दाबातील घट घनतेमुळे दीडपट होते आणि वेगाच्या वर्गामुळे त्याच्याही दीडपट. आज पुरेसा वाटणारा पाइप तेव्हा पुन्हा काढावा लागेल.

प्रतिसाद 2

मला मूळ मत पटते, पण लॅगचा, म्हणजे अॅक्सिलरेटर दाबल्यापासून बूस्ट येईपर्यंतच्या विलंबाचा, मुद्दा त्यात आलाच नाही. दोन मीटर लांबीत 60 मिमीच्या पाइपमध्ये 5.7 लिटर हवा मावते, 73 मिमीच्या पाइपमध्ये 8.4 लिटर. बूस्ट येण्यापूर्वी हे जादा 2.7 लिटर भरावे लागतात.

प्रतिसाद 1 चे उत्तर

हा धाक मोठा करून सांगितला जातो. 2500 आरपीएमला इंजिन सेकंदाला 37 लिटर हवा घेते. त्या हिशेबाने 2.7 लिटर भरायला सेकंदाचा चौदावा भाग लागतो, जो चालकाला जाणवणारही नाही.

प्रतिसाद 2 चे उत्तर

ती 37 लिटर हवा तर इंजिन स्वतःच गिळत असते. पाइप भरतो तो कॉम्प्रेसरने इंजिनाच्या गरजेहून जास्त दिलेल्या हवेने. हे आधिक्य दहा टक्केच असेल, तर आपला चौदावा भाग पाऊण सेकंदाच्या घरात जातो. लॅगमध्ये टर्बोच्या फिरत्या भागांच्या जडत्वाचा वाटा मोठा असतो हे मान्य आहे, तथापि रोज रहदारीत चालणाऱ्या गाडीत ही भर नको असते.

मूळ मतकर्त्याचे उत्तर

बेंड वाईट असेल तर बेंड बदलावा, व्यास का बदलायचा? मोठ्या त्रिज्येचा बेंड बसत नाही अशा ठिकाणी 3 इंची पाइप तर आणखीच बसत नाही.

दुसरे असे की कॉम्प्रेसरचे तोंड 2 इंचाचे असताना त्याला एकदम 3 इंची पाइप जोडला, तर त्या अचानक फुगवट्यातच सुमारे 1 किलोपास्कल वाया जातो. अडीच इंचीला याच्या निम्म्याहून कमी. हळूहळू रुंदावणारा तुकडा घेतला तर हे टळते, पण त्याला लांबी लागते. सांध्यांवरचा जोरही विसरू नये. 1 बार बूस्टला अडीच इंची पाइपच्या तोंडावर साधारण 32 किलोचा जोर येतो, 3 इंचीवर 46 किलोचा. पाइपच्या टोकाला उंचवटा दिलेला नसेल तर क्लॅम्प कितीही आवळला तरी सिलिकॉन होज निसटण्याची भीती राहते.

प्रतिसाद 1 चे उत्तर

गरम बाजूपुरते आपले म्हणणे मी स्वीकारतो. तेथे कॉम्प्रेसरच्या तोंडाशी जुळणारा किंवा एक पायरी मोठा पाइपच योग्य आहे. थंड बाजूबद्दल मात्र माझे मत कायम आहे, विशेषतः थ्रॉटल बॉडीच 70 मिमीच्या पुढची असेल तेव्हा.

घट ‘फक्त 6 किलोपास्कल’ म्हणून सोडून देण्याआधी वेस्टगेटची (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची) नळी कुठून घेतली आहे ते पाहावे. ती कॉम्प्रेसरच्या तोंडाशी असेल, तर तेवढा बूस्ट इंजिनाला सरळ कमी मिळतो. मॅनिफोल्डवर (थ्रॉटलनंतर सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागावर) असेल, तर बूस्ट पूर्ण दिसतो, पण तो राखण्यासाठी कॉम्प्रेसरला जास्त दाब द्यावा लागतो, हवा सुमारे 4 अंशांनी जास्त तापते आणि एक्झॉस्टमधील उलट दाबही वाढतो. गेजवर यातले काहीच दिसत नाही. म्हणून इंटरकूलरच्या बाहेर पडणाऱ्या तोंडाशी आणि थ्रॉटलच्या अलीकडे अशा दोन ठिकाणी दाब मोजावा. पूर्ण आरपीएमला फरक 3 किलोपास्कलच्या वर गेला आणि बेंड सुधारूनही तो उतरला नाही, तर मी थंड बाजूला 3 इंची पाइप बसवीन.