लिंकन वकील असतानाचे घरचे कागद कुठे आहेत?

फिरस्ता: सध्या प्रेसिडेंट व्हायच्या आधीचा लिंकन वाचतोय, इलिनॉयमधला वकील. त्याची आणि बायको मेरीची पत्रं, घरचे कागद कुठे बघायला मिळतील? भाषणांचा ढीग आहे पण संसाराचं काहीच हाती लागत नाहीये

दप्तरी: कारण फारसं उरलेलंच नाही. नवराबायकोची जी पत्रं आहेत त्यातली चांगली 1848 ची, तो काँग्रेसमध्ये (म्हणजे अमेरिकेच्या संसदेत) वॉशिंग्टनला आणि ती मुलांना घेऊन लेक्सिंग्टनला माहेरी. एकात धाकट्या मुलासाठी, छोट्या एडीसाठी चौकडीचे मोजे शोधत दुकानं हिंडलोय, मिळाले नाहीत असं लिहिलंय, मला तर सगळ्या भाषणांपेक्षा ते आवडतं. मोठा मुलगा रॉबर्टने बापाचे कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसला (अमेरिकेचं राष्ट्रीय ग्रंथालय) दिले पण अट घातली, मी गेल्यावर 21 वर्षं उघडायचे नाहीत. तो 1926 ला गेला म्हणून 1947 ला उघडले, त्यात जास्त भरणा प्रेसिडेंट असतानाचाच

बाडवाला: वकिलीचे कागद मात्र भरपूर!! 5,000 च्या वर केसेस सापडल्यात, निम्म्याहून जास्त उधारी-वसुलीच्या. वसंतात आणि शरदात जज आणि वकील मिळून गावोगावच्या कोर्टांत फिरायचे, म्हणून कागद काउंटी (म्हणजे तिकडचे जिल्हे) कोर्टांच्या फायलींत विखुरले आणि सहीसाठी लोकांनी कातरून पण नेले, काय म्हणायचं आता

फिरस्ता: ऑनलाइन आहेत का?

बाडवाला: हो, स्कॅन फुकट आहेत. मेरीसाठी मात्र पत्रांचे छापील संग्रहच बघ