एंडोमेट्रियल बायोप्सी: कोणत्या दिवशी, कोणत्या बाटलीत?

प्रश्न: अनियमित रक्तस्राव असो वा वंध्यत्व, आमच्याकडे पिपेलने (बारीक, लवचीक शोषण-नळीने) गर्भाशयाचं आतलं अस्तर घेऊन सगळं फॉर्मॅलिनमध्ये पाठवतात. ‘नमुना अपुरा’ हा शेरा वरचेवर येतो. चुकतंय कुठे?

उत्तर १: आधी बाटलीचं बोलू. वंध्यत्वात क्षयाची शंका असेल, तर फॉर्मॅलिनने जंतू मरतात, कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी) हातचं जातं. निम्मा नमुना निर्जंतुक सलाईनमध्ये घाला, उरलेला 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये, द्रव तुकड्याच्या दहापट तरी हवा. दिवस पाळीच्या जरा आधीचा धरा. दर पाळीला अस्तर गळतं, त्यामुळे क्षयाचे ग्रॅन्युलोमा (पेशींच्या गाठी) सापडले तर चक्राच्या शेवटीच. त्या दिवसांत गर्भ राहिलेला असू शकतो, म्हणून त्या महिन्यात गर्भनिरोधक आणि आधी लघवीची चाचणी, यात सूट नाही. जुनाट एंडोमेट्रायटिस (अस्तराचा दाह) शोधायचा तर उलट: पाळी संपल्यावर घ्या आणि प्लाझ्मा पेशींसाठी (दाहाची खूण असलेल्या पेशी) सीडी 138 हे खास रंजन मागा. नुसतं बीज फुटतं का हे बघायला तर बायोप्सी करूच नका, प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी पुरते.

उत्तर २: अपुऱ्या नमुन्याचं कारण बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या तंत्रात असतं. गर्भाशय पुढे झुकलंय की मागे, हे आधी बोटांनी तपासा. नळी 3–4 सेंमीवर अडली तर ती गर्भाशयमुखाच्या आतल्या तोंडाशीच आहे. जोर लावू नका, टेनॅक्युलमने (गर्भाशयमुख पकडायच्या चिमट्याने) हलकं ओढून कोन सरळ करा. तळाला टेकल्यावर दट्ट्या एका दमात पूर्ण मागे घ्या, मग नळी गोल फिरवत पुढेमागे करा. टोकाचं भोक मुखाबाहेर आलं की ओढ संपते आणि हाती येतो नुसता चिकट स्राव. बाटलीत फिकट गुलाबी, गांडुळासारख्या पट्ट्या दिसल्या पाहिजेत. लालकाळी गुठळीच असेल तर तिथेच दुसरी फेरी घ्या.

उत्तर ३: रजोनिवृत्तीनंतर अस्तर 3 मिमी असेल तर अपुरा नमुना समजू शकतो. 12 मिमी असताना तोच शेरा आला तर तपास अर्धवट आहे. पिपेल न बघता घेतली जाते, पॉलिप (अस्तरावरचा कोंब) सहज निसटतो. रिपोर्ट नॉर्मल असूनही रक्तस्राव चालू राहिला तर हिस्टेरोस्कोपी (गर्भाशयात दुर्बीण घालून तपासणी) करून डोळ्यांनी बघून तुकडा घ्या. वयाच्या 45च्या पुढे असा रक्तस्राव असेल तर बायोप्सी टाळू नका. लठ्ठपणा किंवा पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनविकार) असेल तर त्याआधीही.

आणि फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख आणि चालू हार्मोनच्या गोळ्या लिहाच. गोळ्यांमुळे ग्रंथी आक्रसतात. ते माहीत नसेल तर पॅथॉलॉजिस्टला चक्राशी मेळ घालता येत नाही.