मदत हवी आहे: नागपुरात सोलरचं प्रात्यक्षिकासह प्रशिक्षण कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. भाचा आयटीआय इलेक्ट्रिशियन झालाय, त्याला रूफटॉप सोलरमध्ये उतरायचंय. 2024 मध्ये सूर्यघर योजना (घराच्या छतावर सोलर बसवायला केंद्राचं अनुदान) आल्यापासून या कामाला मागणी आहे. एक खाजगी क्लास बघून आलो. सगळं पडद्यावर, पॅनलला हातच नाही! दहा पॅनल सिरीजमध्ये जोडले की डीसी 400 व्होल्टच्या आसपास जातो, हे काय स्लाइड बघून शिकायचं? एमसी4 कनेक्टर (पॅनलच्या वायरी जोडायचे प्लग) वायरीवर दाबून बसवणं, म्हणजे क्रिंप करणं, अर्थिंग तपासणं, आपल्या मे महिन्याच्या उन्हात पॅनल तापल्यावर व्होल्टेज कसं उतरतं ते मीटर लावून दाखवणं, एवढं तरी हवं. सूर्यमित्र कोर्स (सोलर तंत्रज्ञांसाठीचं सरकारी प्रशिक्षण) नागपूर-वर्ध्याकडे सध्या कोणी चालवतं का? केलेल्यांनी फी किती आणि पुढे काम मिळालं का, तेही सांगा. नोकरदारांसाठी शनिवार-रविवारची बॅच असेल तर मलाही यायचंय.