न्यूयॉर्कच्या ‘हाय लाइन’वर आपले आपण चालायचे आहे : मदत हवी आहे

मिऱ्याबंदर (रत्नागिरी)
नमस्कार मंडळी. न्यूयॉर्कमध्ये मालगाडीच्या जुन्या उन्नत मार्गावर जी बाग केली आहे, त्या ‘हाय लाइन’वर आम्हा दोघांना सहल कंपनी किंवा मार्गदर्शक न घेता चालायचे आहे. शोधायला गेले की एकतर नुसती छायाचित्रे दिसतात, नाहीतर सशुल्क सहलींच्या जाहिराती पुढे येतात. मला इतकेच हवे आहे की चढायचे कोठून, उतरायचे कोठे आणि वेळ किती ठेवायचा. याच आठवड्यात मुलीला कार्यक्रम कळवायचा आहे, तेव्हा कृपया थेट उत्तर द्यावे.

पागोळी
प्रवेश विनामूल्य आहे आणि आधी नोंदणी करावी लागत नाही. परंतु आपण कोणत्या महिन्यात जाणार, मुक्काम कोठे आणि जिने चढण्यास कोणाला अडचण आहे का, यांपैकी काहीच लिहिलेले नाही. या तीन गोष्टी कळल्याशिवाय ‘थेट उत्तर’ देणे म्हणजे अंदाज बांधणे होईल.

खाडीकाठ
महिना कोणताही असो, सुरुवात दक्षिणेकडून, म्हणजे गॅन्सवोर्ट स्ट्रीटपासूनच करावी. पूर्वी मालगाड्या टेन्थ ॲव्हेन्यूवर रस्त्यावरूनच धावत आणि अपघातांत इतकी माणसे दगावत की त्या रस्त्याला लोक ‘मृत्यूचा रस्ता’ म्हणू लागले होते. घोडेस्वार हातात बावटा घेऊन गाडीपुढे जात आणि लोकांना बाजूला करीत. त्यावर उपाय म्हणून रूळ उचलून वर नेले आणि १९३४ मध्ये हा उन्नत मार्ग सुरू झाला. १९८० मध्ये शेवटची गाडी गेली. पुढे पूल पाडण्याची मागणी जोर धरू लागली तेव्हा १९९९ मध्ये जोशुआ डेव्हिड आणि रॉबर्ट हॅमंड या दोन रहिवाशांनी तो वाचवण्यासाठी संस्था काढली. बागेचा पहिला टप्पा २००९ मध्ये, दुसरा २०११ मध्ये आणि तिसरा २०१४ मध्ये उघडला, तोही दक्षिणेकडून उत्तरेकडे. ज्या क्रमाने बाग वाढली, त्याच क्रमाने ती पाहण्यात अर्थ आहे.

सुरंगी
खाडीकाठ यांनी इतिहास उत्तम सांगितला, परंतु विचारणाऱ्यांना पाय कोठे ठेवायचा ते हवे आहे. ३४व्या स्ट्रीटकडील टोकाला रस्त्यावरून वर जाणारा उतार आहे. तेथे जिना नाही आणि लिफ्टचीही वाट पाहावी लागत नाही. हडसन यार्ड्सचे भुयारी स्थानक जवळच आहे. ज्येष्ठांनी उत्तरेकडून सुरुवात करून दक्षिणेला उतरावे, हे मी माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते त्या अनुभवावरून सांगते.

जांभा
मला एक सुचवावेसे वाटते. मलबार हिलवर कमला नेहरू उद्यानामागे झाडांमधून जाणारा लाकडी उन्नत मार्ग २०२५ च्या मार्चअखेरीस खुला झाला आहे. तो ४८५ मीटर लांबीचा आहे आणि त्याची वेळ ऑनलाइन नोंदवता येते. रत्नागिरीहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी तेथे फिरता येते. आपल्याजवळचे आधी पाहावे, असे मनापासून वाटते.

मिऱ्याबंदर
जांभासाहेब, मलबार हिलला अवश्य जाऊ, परंतु तिकिटे अमेरिकेची काढलेली आहेत. आंब्याचा हंगाम आटोपला की जूनच्या मध्यास निघणार आणि गणपतीच्या आत परतणार, हे मी वेगळे सांगण्याची गरज आहे असे वाटले नव्हते. मुलगी जर्सी सिटीत राहते. सौ.ना गुडघ्याचा त्रास आहे, सपाटीवर त्या सावकाश चालतात, जिने मात्र टाळावे लागतात. आता तरी सांगा, उत्तर की दक्षिण?

पागोळी
आता नीट सांगता येईल. जर्सी सिटीहून ३३व्या स्ट्रीटकडे जाणारी ‘पाथ’ रेल्वे घ्यावी आणि १४व्या स्ट्रीटला उतरावे. हे स्थानक सिक्स्थ ॲव्हेन्यूवर आहे आणि ‘हाय लाइन’ टेन्थ ॲव्हेन्यूजवळ, म्हणजे १४व्या स्ट्रीटनेच पश्चिमेकडे सरळ जायचे आहे. सौ.च्या गुडघ्यासाठी हे अंतर बसने कापावे. तेथे ‘हाय लाइन’वर चढण्यास लिफ्ट आहे. याखेरीज गॅन्सवोर्ट, २३व्या आणि ३०व्या स्ट्रीटलाही लिफ्ट आहेत. इतर अनेक ठिकाणी केवळ जिने आहेत, म्हणून नकाशावर हीच चार ठिकाणे खुणा करून ठेवावीत. लिफ्ट कधी दुरुस्तीसाठी बंद असते, तेव्हा निघण्याच्या दिवशी सकाळी बागेच्या संकेतस्थळावर खात्री करावी.

सुरंगी
लिफ्ट बंद असू शकते हे आपणच लिहिता, मग उतारावरून चढण्याचा माझा मार्ग अधिक भरवशाचा ठरत नाही का?

पागोळी
चढण्यापुरता ठरतो. परंतु ‘पाथ’चे ३३व्या स्ट्रीटचे स्थानकही सिक्स्थ ॲव्हेन्यूवरच आहे आणि तेथून त्या टोकापर्यंतचे अंतर बरेच अधिक आहे. शिवाय रेल्वे यार्डाला वळसा घालणाऱ्या त्या भागात सावली फारच कमी आहे. जूनमधील उन्हात चालण्याची सुरुवात तेथून करू नये. उतरण्यासाठी मात्र तो उतार उत्तम आहे, हे मान्य.

खाडीकाठ
म्हणजे दक्षिणेकडूनच. सकाळी लवकर चढावे, कारण दुपारनंतर, विशेषतः शनिवार-रविवारी, वाट इतकी भरते की थांबून झाड पाहता येत नाही. पूर्ण लांबी २.३३ किलोमीटर आहे. सरळ चालले तर पाऊण तासात संपेल, परंतु आपण अडीच तास ठेवावेत. बाके जागोजाग आहेत. १७व्या स्ट्रीटजवळ मार्गाखाली उतरत्या पायऱ्यांची बैठक केली आहे आणि समोरच्या काचेतून टेन्थ ॲव्हेन्यूवरची वाहने पायांखालून जाताना दिसतात. सौ.नी पायऱ्या न उतरता वरूनच पाहावे. स्वच्छतागृह १६व्या स्ट्रीटजवळ आहे, तेथे जाऊनच पुढे निघावे.

जांभा
मी विषयांतर केले असे वाटत असेल, तर झाडांविषयी एक सांगतो, कारण बागेचा प्राण तोच आहे आणि येथे अजून कोणीच त्याबद्दल लिहिले नाही. गाड्या बंद झाल्यावर रुळांमधल्या खडीत वाऱ्याने आणि पक्ष्यांनी आणलेले बी रुजले आणि वर्षानुवर्षे तेथे रानगवत व फुले वाढत राहिली. आपल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मातीचा जेमतेम थर असताना श्रावणात कोणी न पेरता जसा फुलोरा येतो, तसेच ते होते. डच उद्यानरचनाकार पीट आउडॉल्फ यांनी त्याच रानाचा धागा धरून लागवड केली आहे. वाळलेले देठही हिवाळाभर उभे ठेवतात आणि वसंताच्या तोंडावर कापतात. रूळ अनेक ठिकाणी रोपांमध्ये तसेच ठेवलेले आहेत, ते मुद्दाम पाहावेत.

पागोळी
त्यासाठी खरे तर सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. गवताला तुरे तेव्हाच येतात.

मिऱ्याबंदर
सप्टेंबर-ऑक्टोबर शक्य नाही, गणपतीला घर बंद ठेवता येत नाही. जांभासाहेब, सड्याची गोष्ट सौ.ना वाचून दाखवली. आता त्यांनाच जाण्याची अधिक घाई झाली आहे. मुलीला असे कळवतो : कामाच्या दिवशी सकाळी ‘पाथ’ने १४वी स्ट्रीट, लिफ्टने वर, आधी दक्षिणेला गॅन्सवोर्टपर्यंत जाऊन परत फिरायचे आणि मग उत्तरेकडे. गुडघा दुखू लागल्यास २३व्या स्ट्रीटला लिफ्टने खाली, नाहीतर थेट ३४व्या स्ट्रीटच्या उतारापर्यंत. जूनअखेरीस कोणती फुले असतात, हे कोणी सांगेल का?

सुरंगी
एकायनेशिया तेव्हा नुकता फुलू लागतो, गुलाबी पाकळ्या आणि मध्ये काटेरी गोंडा. २३व्या स्ट्रीटच्या पुढे वाट झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवरून जाते, तेथे जूनमध्ये दाट हिरवी सावली मिळते. म्हणून गुडघा साथ देत असेल तर २३व्या स्ट्रीटला उतरू नका. त्या सावलीत बसा आणि ३०व्या स्ट्रीटची लिफ्ट गाठा.