बर्फाविना नाताळ आणि लहान गावातली खुनाची कथा
अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत नाताळात बर्फ क्वचितच पडतो, त्यामुळे तिथल्या हलक्याफुलक्या रहस्यकथेत, बर्फाने वेढलेल्या इंग्रजी हवेलीत होते तशी, पात्रांची कोंडी साधत नाही, असे एक मत मांडले जाते. ते मला पटत नाही. लहान गावात माणसांना जखडून ठेवायला ओळखीच पुरतात. चर्चच्या गायनवृंदाच्या तालमी, नाताळची मिरवणूक, दुखवट्याच्या घरी पोहोचवायची कॅसरोल (ओव्हनमध्ये शिजवलेला घरगुती पदार्थ), यांमुळे प्रत्येकाचा ठावठिकाणा सर्वांना ठाऊक असतो आणि खुन्याला नेमका तो क्षण शोधावा लागतो, जेव्हा कोणाचेच त्याच्याकडे लक्ष नसेल. लुइझियानातील नॅकिटश या छोट्या शहरात केन नदीच्या काठी १९२७ पासून नाताळची रोषणाई होत आली आहे. दिवे लागताना सगळ्यांची नजर नदीकडे वळते, याहून चांगली संधी लेखकाला कोणती मिळणार?

हौशी शोधकर्त्याला तिथे वाव मिळण्याचे कारणही खरे आहे. शेरीफ, म्हणजे काउंटीचा (जिल्ह्यासारख्या विभागाचा) पोलिसप्रमुख, निवडणुकीने येतो. जॉर्जिया राज्यातील बहुतेक काउंट्यांत कोरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूचे कारण ठरवणारा अधिकारी, हाही निवडून येतो आणि तो डॉक्टर असणे सक्तीचे नाही. त्यामुळे मातब्बर घराण्याची चौकशी टाळली जाणे किंवा विषप्रयोग हृदयविकार म्हणून नोंदला जाणे, दोन्ही विश्वसनीय वाटते.

माझी तक्रार वेगळी आहे. या गावांत गोऱ्यांची आणि कृष्णवर्णीयांची चर्च आजही बहुतांशी वेगळी आहेत, पण अनेक कथा सारे गाव एकाच बाकांवर बसवून मोकळ्या होतात. एकाच मृत्यूविषयी दोन चर्चमध्ये काय वेगळे बोलले जाते, यातच उलगड्याचा धागा सापडू शकतो.