विषय: ‘कमळ’ला टाळ्या किती? (बालवर्ग)

नमस्कार मंडळी,

रविवारी बालवर्गात टाळ्यांचा खेळ घेतला. इथल्या किंडरगार्टनमध्ये मुलं टाळ्या वाजवत शब्दाचे सिलॅबल, म्हणजे उच्चारातले तुकडे, मोजतात, तसंच मराठीत. ‘केळी’, ‘आंबा’, ‘पाणी’ झकास जमलं. ‘कमळ’ला मात्र अख्ख्या वर्गाने दोनच टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, तीन! क-म-ळ. एक चिमुरडी आपल्या हातांकडे बघत पुटपुटली, ‘क-मळ’. परत दोनच. मी तिला तीन वाजवायला लावल्या आणि तेव्हापासून मला रुखरुख लागली आहे. घरी येऊन मीच चारदा म्हणून पाहिलं. दोनच होतात!

– बालवर्गाची ताई

*

ताई,

मुलगी बरोबर आहे. तिला हे सगळ्यांसमोर आवर्जून सांगा.

मी सध्या नातवंडांकडे आलोय; गावी बरीच वर्षं पहिलीला शिकवलं. लिहिताना तीन अक्षरं, पण बोलताना ‘ळ’मधला अ गळतो आणि ‘ळ्’ मागच्या ‘म’ला जाऊन चिकटतो. ‘भात’ची अक्षरं दोन, टाळी एक. ‘वरण’ची तीन, टाळ्या दोन. ‘भोपळा’त तर मधल्याच ‘प’चा अ जातो: भोप-ळा. आणि ‘कमळात’ म्हणून बघा. ‘क-मळ’ राहत नाही, ‘कम-ळात’ होतं! एवढुशा पोरांच्या कानाला हे कुणी न शिकवता कळतं, याचं मला अजून नवल वाटतं.

घोटाळा आपल्या शब्दात आहे. कागदावरच्या खुणेलाही आपण अक्षर म्हणतो आणि कानावर पडणाऱ्या तुकड्यालाही. त्यात आपण अभंगांवर वाढलेली माणसं. अभंगाच्या चरणांतली सहा-सहा-सहा-चार अक्षरं मोजताना ‘सुंदर’ची अक्षरं तीनच धरायची, गातानाही सुं-द-र. बोलताना मात्र सुं-दर.

जोडाक्षरही असंच. लिहितो पु-स्त-क, म्हणतो पुस्-तक. ‘स्’चा भार ‘पु’वर येतो, म्हणूनच वृत्तात तो ‘पु’ गुरू, म्हणजे दोन मात्रांचा, होतो.

सुरुवातीला फळा नकोच. हनुवटीखाली तळहात धरून शब्द सावकाश म्हणायला लावा. हनुवटी जितक्यांदा खाली येईल तितके तुकडे. आधी मुलांची स्वतःची नावं घ्या, मग ताटातले पदार्थ.

– एक आजोबा

*

आजोबा, मनापासून आभार. पण माझा मुलगा आता लिहायला लागलाय. दोनच टाळ्या म्हटल्यावर तो लिहिताना एक अक्षर गाळेल ना?

– एक आई

*

अहो, म्हणूनच दोन्ही खेळ वेगळे ठेवायचे. बोलण्यातल्या तुकड्याला टाळी, लिहिलेल्या अक्षराला एक दाणा. ‘वरणभात’ला टाळ्या तीन, दाणे पाच. हाताला फरक कळला की डोक्यात गोंधळ होत नाही.

– आजोबा

*

ठरलं तर. या रविवारी टाळ्या आणि दाणे दोन्ही घेते. प्रत्येकाने घरून मूठभर राजमा आणावा. आजोबा, तुम्ही वर्गावर याल का? त्या मुलीला ‘तुझंच बरोबर होतं’ हे मी सांगेनच, पण तुमच्या तोंडून ऐकून तिला जास्त आनंद होईल.

– ताई