'फायरिंग अँगल'ला मराठीत काय म्हणायचं?

एचव्हीडीसीच्या (उच्च दाबाच्या डीसी वीजवाहिनीच्या) कन्व्हर्टर कंट्रोलवर मराठीत लिहितोय. फायरिंग अँगलला 'प्रज्वलन कोन' चालेल का? आणि रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा), इन्व्हर्टर (डीसीचा एसी करणारा) यांना काय लिहू?

— प्रज्वलन नकोच. थायरिस्टरमध्ये (कन्व्हर्टरमधल्या इलेक्ट्रॉनिक स्विचमध्ये) काही पेटत नाही, गेटला पल्स दिली की तो चालू होतो आणि एकदा चालू झाला की गेटने बंद करता येत नाही, करंट शून्यावर आला की मगच सुटतो. म्हणजे आपल्या हातात एकच गोष्ट, चालू करायला उशीर किती करायचा. म्हणून सरळ 'विलंब कोन' लिहा. 50 हर्ट्झला 18 अंश म्हणजे बरोबर 1 मिलिसेकंद, एवढ्या बारीक उशिरावर सगळा खेळ चालतो.

रेक्टिफायर-इन्व्हर्टर मात्र तसेच ठेवा, कारण ती दोन वेगळी यंत्रं नाहीतच. आपली चंद्रपूर–पडघे लाइन घ्या, 752 किमी, ±500 केव्ही, 1500 मेगावॅट. दोन्ही टोकांना थायरिस्टरचेच ब्रिज. अशा लाइनीत पाठवणाऱ्या टोकाला विलंब साधारण 15 अंश ठेवतात आणि घेणाऱ्या टोकाला 90 च्या बराच पुढे नेतात, की तोच कन्व्हर्टर इन्व्हर्टर म्हणून चालायला लागतो. नेहमीच्या पद्धतीत रेक्टिफायर करंट सांभाळतो, इन्व्हर्टर व्होल्टेज किंवा गॅमा.

— गॅमा म्हणजे एक्स्टिंक्शन अँगल ना? मग तो 'विझण्याचा कोन'?

— नाव आलंय पाऱ्याच्या व्हॉल्व्हच्या काळातून (व्हॉल्व्ह म्हणजे कन्व्हर्टरमधला स्विच), 1954 ची स्वीडनची गॉटलंड लाइन त्यावरच होती आणि त्यात खरोखर आर्क विझायचा. आता अर्थ उरलाय तो सुटलेल्या व्हॉल्व्हला सावरायला मिळणाऱ्या वेळेचा, मी 'सावर-कोन' लिहीन. तो कमी पडला, समजा एसी ग्रिडवर फॉल्ट येऊन व्होल्टेज खाली बसलं, तर सुटायला हवा होता तोच व्हॉल्व्ह पुन्हा करंट वाहायला लागतो, ह्यालाच कम्युटेशन फेल्युअर म्हणतात. कम्युटेशनला, म्हणजे करंट एका व्हॉल्व्हवरून दुसऱ्यावर जाण्याला, 'पाळीपालट' मला फार आवडतो, कारखान्यात पुढचा माणूस मशीनवर आल्याशिवाय आधीचा सुटत नाही तसंच. कोशात नसेल तरी वापरा, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

— पुगलूर–त्रिशूर एचव्हीडीसी लाइनला पण हेच शब्द?

— नाही, तिथे थायरिस्टरऐवजी आयजीबीटी स्विच आहेत, हवं तेव्हा बंदही करता येतात, त्यामुळे विलंब कोन, सावर-कोन दोन्ही तिथे लागू नाहीत. तिथल्या कंट्रोलसाठी 'मॉड्युलेशन'च ठेवा.